धुराड्यातलं कपाट

माझी उभी नोकरी सरकारी दवाखान्यातल्या जळीत वॉर्डात गेली. सिस्टर म्हणून लागले आणि इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. त्यामुळं घरात मी आगीबद्दल काही बोलले, की सून मुलाकडं बघते आणि मुलगा छताकडं बघतो. "आई, तुला सगळीकडं वॉर्डच दिसतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. ज्या बाईनं इतकी वर्षं स्टोव्हनं, गिझरनं, पदरानं पेटलेली माणसं बघितली, तिला दुसरं काय दिसणार? बाग दिसणार का?

मुलगा चिकलठाण्याच्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. कंपनीनं त्याला मधी दीड वर्ष परदेशात पाठवलं होतं, बर्फ पडणाऱ्या गावात. तिथून तो पाठदुखी आणि फायरप्लेसचं वेड घेऊन परत आला. पुढं पडेगावला आम्ही बंगला बांधला तेव्हा हॉलमध्ये फायरप्लेस पाहिजेच म्हणून तो अडून बसला. पडेगावला थंडी पडते, नाय असं नाय. मोकळं माळरान आहे, दौलताबादकडून वारा येतो, जानेवारीत पहाटे बोटं आखडतात. पण आमच्याकडं थंडी वाजली की माणूस अंगणात चार काटक्या पेटवून बसतो. घराच्या आत, सोफ्यासमोर, काचेच्या दाराआड जाळ करायचा, ही कल्पनाच मला पचत नव्हती.

इंटिरिअरवाला आला. तरणा माणूस, दाढी कोरलेली, बोलणं मधासारखं. तो मला म्हणाला, "आई, घाबरू नका. ही विटांची फायरप्लेस नाही. अख्खं युनिट फॅक्टरीतून तयार होऊन येतं. लोखंडी पेटी, वर स्टीलचा डबल नळ. नळ हॉलमधून वरच्या खोलीतून थेट गच्चीवर जातो. नळ दिसायला नको म्हणून आपण त्याच्याभोवती प्लायचं बॉक्सिंग करू. भिंतीसारखं दिसेल."

"प्लाय म्हणजे लाकूडच ना?" मी विचारलं.

"नळ गरम होतच नाही हो आई. सर्टिफाइड असतं ते."

मुलगा छताकडं बघायला लागला. मी गप्प बसले. आज त्या गप्प बसण्याचाच जास्त राग येतो.

घर झालं. भन्तेजी आले, वंदना झाली, नातेवाईक जेवून गेले. सगळ्यांनी हॉलमधल्या त्या काचेच्या दाराचे फोटो काढले. वरची खोली माझी आणि नातीची. तिथं कोपऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत एक पांढरा चौकोनी खांब दिसत होता. तेच ते बॉक्सिंग, आत नळ. आणि त्या खांबाला दार होतं! उघडून बघते तर आत कपाट. मधून गच्चीकडं जाणारा नळ, त्यालाही पांढरा रंग दिलेला, आणि त्याच्याभोवती अर्धगोल कापून पाच फळ्या बसवलेल्या. सुताराचा हात इतका सफाईदार, की नळ आणि फळीमध्ये पत्त्याचं पान जाणार नाही.

"जागा वाया का घालवायची?" सून खूश होती. "आई, गोधड्या इथं राहतील."

आणि मी, जळीत वॉर्डाची इन्चार्ज, माझ्या हातानं त्या फळ्यांवर गोधड्या रचल्या. बहिणीनं शिवलेल्या दोन, माझ्या लुगड्यांच्या तीन, वर एक रजई. चांगल्या दाबून बसवल्या, कारण दार लागत नव्हतं. त्या कपाटाचं मला कौतुकच वाटलं होतं. मी हे लपवत नाही.

पहिल्या हिवाळ्यात फायरप्लेस दोन-चार वेळा पेटली असेल, तीही फोटोपुरती. थोड्या काटक्या, अर्धा तास जाळ, मग सगळे मोबाइलकडं. पावसाळ्यात मात्र माझ्या खोलीच्या छतावर, त्या खांबाच्या कडेनं, चहा सांडल्यासारखा पिवळा डाग उमटला. मी मुलाला इंटिरिअरवाल्याला फोन करायला लावला. त्यानं माणूस पाठवला, माणसानं डागावर पुट्टी भरली, रंग मारला आणि गेला. गच्चीवर जाऊन पाणी कुठून येतंय ते त्यानं बघितलंसुद्धा नाही. पुढच्या महिन्यात डाग परत आला. परत रंग. वॉर्डात एखाद्या डॉक्टरनं जखम न उघडता वरून पट्टी बदलली असती, तर मी त्याला उभं केलं असतं. घरात माझं कोण ऐकतं!

दुसऱ्या हिवाळ्यात, सुट्टीचा दिवस होता. मुलाच्या कंपनीतले मित्र बायकामुलं घेऊन आले होते. बाभळीचं वाळलेलं जाड लाकूड कुणीतरी शेतातून आणलं होतं. सकाळी अकराला पेटवली ती चार वाजून गेले तरी धगधगतच होती. सगळ्यांचे चेहरे लाल, हॉलमध्ये हसणं-खिदळणं, निखाऱ्यात बटाटे भाजणं चाललं होतं. पाचच्या सुमाराला एकीचं बाळ झोपलं, म्हणून मी त्याच्यासाठी गोधडी आणायला वर गेले.

खोलीत शिरले आणि थांबले. वास येत होता. कपड्यावर इस्त्री जरा जास्त वेळ राहिली की येतो ना, अगदी तसा. मी कपाटाचं दार उघडलं तर गरम हवा तोंडावर आली. वरच्या दोन गोधड्या ओढल्या. त्याखालची, माझ्या जांभळ्या लुगड्याची, हाताला तापलेल्या तव्यासारखी लागली. नळाला चिकटलेली तिची कड तपकिरी झाली होती, मधोमध काळी. बोट लावलं तर कापडाचा चुरा झाला.

मी आरडाओरडा केला नाही. सवय नाही. सगळ्या गोधड्या ओढून न्हाणीघरात टाकल्या आणि वर पाणी सोडलं. मग खाली आले, मुलाला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "जाळ विझव. आत्ता."

"आई, पाहुणे आहेत."

"मग मी विझवते." मी स्वयंपाकघराकडं कळशी आणायला वळले. तेव्हा कुठं त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. लाकडं चिमट्यानं ओढून घमेल्यात घेतली, अंगणात नेऊन वाळूत घातली. पाहुण्यांना वाटलं, म्हातारीला धुराचा त्रास झाला.

पाहुणे गेल्यावर मी ती जळकी गोधडी जेवणाच्या टेबलावर पसरली. ओली, काळ्या कडेची. मुलगा बघत राहिला. सूनही. आणि त्यानंतर मुलगा जे बोलला ते मला अजून सहन होत नाही. तो म्हणाला, "आपण गोधड्या दुसरीकडं ठेवू ना. पुस्तकं ठेवू तिथं."

पुस्तकं! म्हणजे कागद! माझी नात त्या कपाटापासून चार हातांवर झोपते, आणि हा इंजिनिअर तिथं कागद ठेवायला निघाला!

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून एक भक्कम कुलूप आणलं आणि फायरप्लेसच्या काचेच्या दाराच्या दोन्ही मुठींत अडकवून टाकलं. किल्ली ब्लाउजमध्ये. मुलगा म्हणाला, "हा काय पोरखेळ?" मी म्हणाले, "वॉर्डात औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडंच असायची. कुणी मागायला आलं तर आधी कारण सांगायचं."

मग मी ते पुस्तक शोधलं. फायरप्लेसबरोबर आलेलं माहितीचं पुस्तक, जे कुणी उघडलंच नव्हतं. अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद, जिन्याखाली. इंग्रजीत होतं. मला दवाखान्यापुरतं इंग्रजी येतं, पण मी औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं आयुष्यभर वाचत आलेय. नातीला शेजारी बसवलं, अडलेले शब्द तिनं मोबाइलवर शोधले. दोन दुपारी लागल्या. त्यात चित्रं काढून स्पष्ट लिहिलं होतं. नळाच्या चारी बाजूंनी दोन इंच मोकळी जागा सोडा. त्या जागेत काहीही भरू नका, हवा खेळती राहू द्या. नळ जिथं मजल्यातून वर जातो, तिथं सोबत दिलेली पत्र्याची प्लेट बसवा, म्हणजे खालची आग त्या पोकळीतून वर चढणार नाही. गच्चीवर नळाभोवतीच्या बॉक्सिंगच्या माथ्याला उताराचं पत्र्याचं झाकण घाला, पाणी साचू देऊ नका. झाकणाला भोकं पाडू नका. दरवर्षी गंज बघा, सांधे बघा.

"आजी, हे तर सोप्पंय," नात म्हणाली. चौथीतली पोर. तिला कळलं.

इंटिरिअरवाल्याला मी स्वतः फोन केला, कपाटात गोधडी जळली म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "आई, तो ओलीचा डाग असेल." मी म्हणाले, "अहो, ओलीनं कापडाची राख होते का?" तो म्हणाला, साइटवर आहे, नंतर बोलतो. नंतर त्यानं माझा फोन उचलणंच बंद केलं.

तेव्हा मला जुन्या शहरातले पत्र्याचं काम करणारे एक चाचा आठवले. कूलरचे डबे, पिठाच्या कोठ्या, बेकरीची धुराडी, सगळं हातानं करणारे. कधीकाळी त्यांची बीवी आमच्या वॉर्डात दोन महिने होती. तिचे हात वाचले. तेव्हापासून ईदला शीरखुर्म्याचा डबा चुकला नाही. मी निरोप धाडला आणि ते सकाळीच स्कूटरवर पत्र्याची कात्री, हातोडी आणि लोखंडी पट्टी घेऊन हजर झाले.

त्यांनी आधी कपाट बघितलं. हात पाठीमागं बांधून, कितीतरी वेळ. मग म्हणाले, "सिस्टर, ये तो चूल्हे के गले में गोदाम बनाके रखे."

फळ्या काढल्या. पाचही फळ्यांच्या अर्धगोल कडा भाजलेल्या होत्या, खालची सगळ्यात जास्त. मागच्या प्लायवर नळाच्या रेषेत उभा तपकिरी पट्टा. खाली वाकून त्यांनी बॅटरी मारली आणि मला बोलावलं. नळ जिथून वर येत होता, तिथं मजल्याला मोठं चौकोनी भोक होतं, आणि ते उघडं होतं. खाली हॉलमधल्या पेटीचा माथा सरळ दिसत होता.

"यहाँ एक प्लेट होनी होना," चाचा म्हणाले. मी पुस्तकातलं चित्र दाखवलं. "हौ, येच. किधर गई?"

आम्ही गच्चीवर गेलो. बॉक्सिंगच्या माथ्यावरच्या पत्र्याच्या झाकणावर डिश अँटेना बसवलेली होती, चार स्क्रू आरपार. पत्रा मधोमध खचलेला, त्यात पाणी साचून गंजाचे पापुद्रे आलेले. चाचांनी नुसतं बोट दाबलं तर आत गेलं. भोकांतून पाणी आत उतरून प्लाय पाव भिजावा तसा फुगला होता. म्हणजे वरून भिजत होतं आणि खालून भाजत होतं, आणि आम्ही मधल्या मजल्यावर डागाला रंग देत होतो.

खाली यायला वळलो तर चाचा थबकले. गच्चीच्या कोपऱ्यात सुनेच्या कुंड्या होत्या. मनीप्लँटच्या मोठ्या कुंडीखाली पाणी झेलायला एक चौकोनी पत्रा ठेवलेला होता, मधी गोल भोक, कडा दुमडलेल्या. चाचांनी कुंडी सरकवली, पत्रा उचलला, झटकला, पट्टी लावून मोजला.

"ये रही आपकी प्लेट."

मला हसू यायला हवं होतं. पण कानशिलं तापली. कंपनीनं दिलेली, जीव वाचवायची वस्तू, माझ्या घरात कुंडीखाली वर्षभर गंजत पडली होती, आणि रोज सकाळी मी त्या झाडाला पाणी घालत होते.

रविवारी मी सगळ्यांना बोलावलं. इंटिरिअरवाला यायला तयार नव्हता. मुलाला म्हणाले, "त्याला सांग, नाही आलास तर आई फळ्या घेऊन तुझ्या ऑफिसात येईल." आला. फळ्या, प्लेट, गंजका पत्रा, जळकी गोधडी, सगळं मी हॉलमध्ये सतरंजीवर मांडून ठेवलं होतं. चाचा दाराशी बसले होते.

"ही प्लेट का काढली?" मी विचारलं.

त्यानं प्लेट उलटसुलट करून बघितली. मग म्हणाला, "कपाटाचा तळ लेव्हलला बसत नव्हता."

"आणि दोन इंच जागा?"

"आई, मी सांगितलं होतं की तिथं स्टोरेज नको. क्लायंटनंच मागितलं." त्यानं मुलाकडं हात केला. "सरांनीच व्हॉट्सअ‍ॅपवर स्केच पाठवलं होतं."

 मी मुलाकडं बघितलं. तो छताकडं बघत नव्हता, पायाकडं बघत होता.

"व्हय का रे?"

"जागा मोकळी दिसत होती, आई."

 इतके दिवस मी परक्या माणसावर चिडले होते. ते सोपं असतं. पण ज्याला मी रात्रपाळ्या करून इंजिनिअर केलं, जो कारखान्यात बॉयलरजवळ हेल्मेट घातल्याशिवाय कुणाला फिरकू देत नाही, त्यानं स्वतःच्या लेकीच्या खोलीत हे मागितलं होतं. वॉर्डात नातेवाइकांना मी किती वेळा खडसावलं असेल, "तुम्हाला दिसलं कसं नाही?" ते माना खाली घालून उभे राहायचे. मला तेव्हा वाटायचं, ही अडाणी, बेफिकीर माणसं. आज माझाच पोरगा तशी मान घालून उभा होता, आणि गोधड्या दाबून भरणारी मीच होते.

इंटिरिअरवाल्याला मात्र मी सोडलं नाही. "क्लायंटनं मागितलं म्हणून तुम्ही दिलं. आमच्याकडं पेशंट पाणी मागायचा, ऑपरेशनच्या आधी. रडायचा, शिव्या द्यायचा. आम्ही देत नव्हतो. माहीत असणाऱ्याचं काम तेच असतं ना? आणि असं कपाट अजून कुणाकडं केलंय?"

 चाचा दारातून म्हणाले, "बोल दो बेटा. गुनाह हलका होता."

अजून दोन घरी, असं निघालं. एक बीड बायपासला, एक चिकलठाण्याकडं नव्या वसाहतीत.

आमच्या घरचं काम चाचांनी आठ दिवसांत उरकलं. प्लायचं सगळं बॉक्सिंग उतरवलं, सिमेंटच्या बोर्डाचं नवं केलं, दार नाही. मजल्याला प्लेट घट्ट बसवली, नळाच्या चहूबाजूंनी पट्टीनं मोजून दोन इंच सोडले. माथ्यावर जाड स्टीलचं, मधी उंच आणि चारी बाजूंनी उताराचं झाकण, भिंतीच्या बाहेर बोटभर लोंबणाऱ्या कडांचं. अँटेना भिंतीवर गेली. दिवाळीच्या आधी ते येतात आणि मी त्यांच्याबरोबर गच्चीवरून शिडीनं माथ्यापर्यंत चढते, सांधे बघते, झाकणावरचा पाला काढते. गुडघे कुरकुरतात. चढते. मुलगा शिडी धरून उभा असतो. त्यानं अजून 'चुकलं' असा शब्द काढलेला नाही, पण शिडी धरायला कुणी सांगावं लागत नाही.

त्या दोन घरांचं राहिलं. इंटिरिअरवाल्यानं 'सांगतो' म्हणून कबूल केलं होतं. महिना झाला, त्यानं सांगितलं नव्हतं. मी रिक्षा करून स्वतः गेले. बायपासच्या घरी एक प्राध्यापक बाई होत्या. त्यांनी ऐकलं, माझ्यासमोरच कपाट उघडलं. आत लेकराची जुनी खेळणी आणि कापसाची गादी! त्यांनी सगळं भराभरा बाहेर ओढलं. मी त्यांना चाचांचा नंबर लिहून दिला.

चिकलठाण्याच्या घरी गेटवरच अडवलं. मालक बाहेर आले, पन्नाशीचे, टी-शर्टवर. मी सांगत होते आणि ते मनगटावरचं घड्याळ बघत होते.

"मावशी, आमच्याकडं काही वास येत नाही."

"येईल तेव्हा उशीर झालेला असेल."

"आमचा डिझायनर चांगला आहे. तुम्ही कुठल्या कंपनीकडून आलात? काही विकायचंय का?"

मला, विकायचंय! भर उन्हात, रिक्षाचं भाडं खर्चून, गुडघ्याला पट्टा बांधून, मी त्याला धुराडं विकायला गेले होते! गेट लागलं. मी बाहेर उभी राहिले. मग घरी आले, त्या पुस्तकाच्या पानांची झेरॉक्स काढली, जळक्या फळीचा फोटो काढून घेतला आणि मराठीत दोन पानी पत्र लिहिलं. कुठलं वाक्य गोड केलं नाही. खाली नाव, हुद्दा, 'निवृत्त, जळीत विभाग' असं लिहिलं, चाचांचा नंबर दिला, आणि परत रिक्षा करून त्यांच्या गेटच्या फटीतून आत सरकवलं.

उत्तर आलं नाही. पंधरा दिवस गेले. मी परत जायचं ठरवलं होतं, सून म्हणाली, "आई, आता पुरे. अपमान करून घ्यायला कशाला जाता?" आणि त्याच आठवड्यात चाचांचा फोन आला.

"सिस्टर, चिकलठानेवाले साहब का बॉक्स खोलके आया. फळ्या अंदर से कोयला हो गई थी."

"माझं पत्र मिळालं म्हणाले का?"

"नक्को पूछो," चाचा हसले. "बोले, खुद को ही शक आया था करके."

मी फोन ठेवला. सुनेनं विचारलं, काय झालं. मी म्हणाले, त्या माणसाला स्वतःहूनच शंका आली म्हणे. ती हसायला लागली, आणि मी तिच्यावरही चिडले. पण त्या दिवशी दुपारी, किती दिवसांनी, मला चांगली झोप लागली.